कॉम्प्युटर स्लो झालाय? पुसापुशी थांबवा, आधी कुठे अडलंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातला डेस्कटॉप सात वर्षांचा, विंडोज १०, चार जीबी रॅम. बटण दाबल्यापासून हाताशी यायला सहा-सात मिनिटं, ब्राउझर उघडला की पांढरा पडदा. दोनदा फॉरमॅट मारून झाला, दोन ‘क्लीनर’ टाकून झाले, टेम्प फाइली तर रोज पुसता. फॉरमॅटनंतर आठ दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. नवीन घ्यावा का? आणि मुलीच्या लॅपटॉपलाही हेच उपाय चालतील का?

नवीन घ्यायची घाई करू नका. तुमच्या उपायांत चूक एवढीच, की ते न बघता केले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कॉम्प्युटर स्लो असतो तेव्हा बहुधा त्यातला एखादाच भाग अडलेला असतो आणि बाकीचे त्याची वाट बघत बसलेले असतात. डिस्क अडली असेल तर प्रोसेसर कितीही चांगला असून उपयोग नाही. पंख्यात धूळ अडकली असेल तर दहा वेळा फॉरमॅट मारा, धूळ जागची हलत नाही.

तेव्हा पहिलं काम बघण्याचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. छोटीच खिडकी आली तर खालच्या ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. वर सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम, चालू कामापुरती जागा) आणि डिस्क असे तीन रकाने दिसतील, प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के. हे मशीन रडत असतानाच बघायचं. सगळं शांत झाल्यावर बघाल तर सगळे आकडे गुणी बाळासारखे खाली बसलेले असतात. चालू केल्या केल्या पहिल्या पाच मिनिटांत बघा, मग ब्राउझर उघडताना बघा, आणि कुठला रकाना लाल किंवा गडद होतो ते कागदावर लिहून ठेवा.

तुमच्याकडे काय दिसेल ते मी जवळपास पैजेवर सांगतो: डिस्क १०० टक्के. आणि गंमत म्हणजे त्याच्या खालच्या ओळींत वेग दिसेल सेकंदाला एखादा एमबी, कधी त्याहूनही कमी. लोक इथे गोंधळतात. शंभर टक्के कामात आहे आणि एक एमबी वाचतेय? मग ही डिस्क करतेय तरी काय?

ती धावाधाव करतेय. हार्ड डिस्क म्हणजे फिरती तबकडी आणि तिच्यावर मागेपुढे सरकणारं हेड. डेस्कटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला ७२०० फेरे घेते, लॅपटॉपमधली ५४००. लॅपटॉपचा हिशेब करू. ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर सरकायला दहा-बारा. म्हणजे एका ठिकाणचं वाचायला साधारण १७ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम साठ ठिकाणं. प्रत्येक ठिकाणाहून ४ केबी उचलले तर सेकंदाला अडीचशे केबीसुद्धा भरत नाहीत. हीच डिस्क एखादी मोठी व्हिडिओ फाइल सलग वाचताना सेकंदाला शंभर एमबी सहज देते, कारण तिथे हेडला उड्या माराव्या लागत नाहीत. पण विंडोज सुरू होणं म्हणजे हजारो छोट्या फाइली, त्याही डिस्कभर विखुरलेल्या. त्यात अँटिव्हायरस प्रत्येक फाइल तपासणार, अपडेट काहीतरी उतरवणार, सर्च आपली यादी बनवणार. सगळ्यांच्या मागण्या त्या एका हेडपाशी रांगेत उभ्या.

एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं, सरकणारं काही नाही. कुठलीही जागा असो, ती मिलिसेकंदाच्या एखाद-दुसऱ्या दशांशात हातात येते. ‘एसएसडी टाका’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. त्यामागचं कारण हा उड्यांचा हिशेब आहे. खोक्यावर छापलेला ‘५५० एमबी’ हा आकडा नव्हे.

फॉरमॅटनंतर आठ दिवस बरं का वाटतं, तेही यातच आहे. कोरं विंडोज, फाइली कमी, त्या बऱ्यापैकी सलग, मागे बसलेले प्रोग्रॅम शून्य. मग अपडेट येतात, प्रोग्रॅम चढतात, रांग पुन्हा लागते. फॉरमॅट मारून तुम्ही रांग मोडता. रांगेपुढची खिडकी, म्हणजे ते हेड, मात्र तिथेच एकुलती एक राहते.

तुमची डिस्क कुठल्या जातीची आहे हे टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये डिस्कच्या नावाखाली लिहिलेलं असतं, एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क) की एसएसडी. एचडीडी असेल आणि वर सांगितलेले १०० टक्के दिसत असतील तर निदान झालं, असं मी म्हणेन. पण एक गोष्ट तपासल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नका. ती डिस्क नुसती संथ आहे की आजारी आहे?

मध्यंतरी माझ्याकडे एक लॅपटॉप आला होता. मालकाने तीन वेळा फॉरमॅट मारून घेतला होता. तक्रार अशी, की एरवी चालतो, पण फोटोंचा एक विशिष्ट फोल्डर उघडला की अर्धा मिनिट गोठतो, माउससुद्धा हलत नाही, मग आपोआप सुटतो. कान खाली नेला तर आतून बारीक टिक्, थांबून पुन्हा टिक्. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते चालवलं तर निळ्या ‘गुड’ऐवजी पिवळं ‘कॉशन’, आणि यादीतल्या सी-५ क्रमांकाच्या ओळीत, जिथे शून्य असायला हवं तिथे, आकडा. सी-५ म्हणजे वाचता न आलेल्या, निर्णय लांबलेल्या जागा. अशी जागा लागली की डिस्क हट्टाने ती पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि विंडोज बिचारं दारात उभं. झटपट फॉरमॅट फक्त यादी कोरी करतो. या जागांना तो शिवतही नाही. त्या माणसाचे फोटो निघाले, पण दोन फोल्डर अर्धवटच निघाले. तीनपैकी पहिल्या फॉरमॅटच्या वेळी कुणी ती ओळ बघितली असती तर कदाचित सगळे वाचले असते.

तेव्हा ०५, सी-५ आणि सी-६ या तीन ओळींतला शेवटचा, ‘रॉ व्हॅल्यूज’चा रकाना बघा. कुठेही शून्याव्यतिरिक्त काही असेल तर वेग वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि आजच्या आज फोटो, कागदपत्रं, हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवा. आधी जे पुन्हा मिळणार नाही ते, सिनेमे सगळ्यात शेवटी. आजारी डिस्कवर स्कॅन, दुरुस्ती, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग मांडणं) असलं काही चालवत बसू नका, तिची उरलीसुरली ताकद त्यात जाते. सी-७ची ओळ मात्र वेगळी. ती बहुतेक वेळा डिस्कची नसून केबलची तक्रार असते. डेस्कटॉपमध्ये लाल किंवा काळी चपटी साटा केबल असते, ती सैल झाली किंवा मोडली की माहिती चुकीची पोचते आणि पुन्हा पुन्हा मागवावी लागते. केबल बदलल्यावर तो आकडा शून्यावर येत नाही, पण वाढायचा थांबतो. तेवढं पुरे. एका साध्या केबलपायी चांगल्या डिस्क कचऱ्यात गेलेल्या मी पाहिल्यात.

आता रॅम. चार जीबीत विंडोज १० उठून बसतं, पण त्यानंतर ब्राउझरसाठी फारशी जागा उरत नाही. जागा संपली की विंडोज रॅममधली काही पानं उचलून डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये नेऊन ठेवतं आणि लागली की परत आणतं. एक पान किती मोठं? ४ केबी. म्हणजे वरचा तोच उड्यांचा हिशेब. म्हणूनच कमी रॅमचा आजार टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आजार म्हणून दिसतो. डिस्क १०० टक्के असताना मेमरीही ९०च्या वर असेल तर दोन्ही दुखणी एकत्र आहेत असं समजा. मेमरी ५०-६० टक्क्यांवर असेल तर रॅम वाढवून काही मोठं हाती लागणार नाही.

घरच्या वापराला आज आठ जीबी ठीक चालते. पंचवीस-तीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर सोळा. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर क्लिक केलं की ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ दिसते. दोनपैकी एकच वापरात असेल तर तेवढीच आणखी एक पट्टी टाकायची. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, खाच वेगळ्या ठिकाणी असते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते ती वेगळीच, आणि पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे विषय संपला. मुलीच्या लॅपटॉपचं मॉडेल बघून हे आधी ठरवा. आणखी एक: ‘सिस्टिम टाइप’मध्ये ३२ बिट लिहिलं असेल तर घरगुती विंडोज चार जीबीच्या पुढची रॅम वापरणारच नाही. आधी ६४ बिट विंडोज टाकावं लागेल.

दोन्हींपैकी एकच करता येणार असेल तर? एसएसडी आधी. पेजफाइल एसएसडीवर गेली की कमी रॅमही निदान सोसते. उलट क्रमाने केलंत तर चालू व्हायची सहा-सात मिनिटं फारशी कमी होत नाहीत, कारण सुरू होताना सगळं डिस्कवरूनच यायचं असतं.

रॅम ‘मोकळी करणारी’ जी सॉफ्टवेअर असतात ती आजच काढा. ती चालू प्रोग्रॅमची पानं जबरदस्तीने डिस्कवर ढकलतात, आकडा खाली आला म्हणून तुम्हाला बरं वाटतं, आणि पुढच्या क्लिकला तीच पानं परत आणावी लागतात. विंडोज रिकामी रॅम नुसती ठेवत नाही, पुढे लागेल असं वाटणारं आधीच तिच्यात आणून ठेवतं. गरज पडली की ती जागा लगेच सोडतं.

बिनखर्चाच्या गोष्टी आता. एसएसडी येईपर्यंत, किंवा तुमची डिस्क आधीच एसएसडी निघाली तर, यातूनच फरक पडणार.

टास्क मॅनेजरमधला स्टार्टअपचा टॅब उघडा. मशीन चालू होताच काय काय उठून बसतं याची ती यादी. सात वर्षांच्या मशीनवर मी तिथे वीस-वीस नावं बघितली आहेत: गाण्यांचं अ‍ॅप, गेमचं लाँचर, कधीकाळी एकदा वापरलेलं मीटिंगचं सॉफ्टवेअर, फेकून दिलेल्या प्रिंटरचा मदतनीस, तीन निरनिराळे अपडेटर. यातलं काही बंद केलं म्हणजे ते पुसलं जात नाही, फक्त तुम्ही उघडाल तेव्हाच उघडतं. त्यामुळे बिनधास्त ‘डिसेबल’ करा. सुरक्षेचं सॉफ्टवेअर, टचपॅड आणि आवाज यांची नावं तेवढी सोडा. नावावरून काही कळलं नाही तर एका वेळी एकच बंद करा आणि दोन दिवस बघा.

दोन अँटिव्हायरस एकाच मशीनवर असतील तर एक काढाच. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना मध्ये पडतात, शिवाय एकमेकांवरही संशय घेतात. बऱ्याच लॅपटॉपवर विकत घेतानाच एखादा चाचणीपुरता अँटिव्हायरस असतो, मुदत संपून वर्षं झाली तरी तो मागे बसलेला असतो आणि रोज पैसे मागतो. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे, असं माझं मत. आणि ते दोन ‘क्लीनर’? तेही काढा. ते स्वतःच स्टार्टअपच्या यादीत बसलेले सापडतील.

आता एक गंमत. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’ निवडा आणि खाली ‘अप टाइम’ बघा. रोज रात्री नेमाने शट डाउन करणाऱ्यांनाही तिथे तीस-चाळीस दिवसांचा आकडा दिसतो, आणि मग ते मला मशीन बिघडलं म्हणून सांगतात. बिघडलेलं नसतं. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. शट डाउन करताना विंडोजचा गाभा पूर्ण मिटत नाही, तो जसाच्या तसा डिस्कवर उतरवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी उचलून परत मांडला जातो. सुरू व्हायला वेळ कमी लागतो खरा, पण एखादा ड्रायव्हर (मशीनचा एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) बिनसला असेल तर तो बिनसलेलाच परत येतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं खरोखर बंद करून नव्याने उठवतं. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. किंवा शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, त्यानेही पूर्ण बंद होतं. एवढ्याने सुटलेली दुखणी मोजली तर मला माझी फी मागायला लाज वाटेल.

ब्राउझरबद्दल थोडं सविस्तर, कारण घरच्या कॉम्प्युटरवर खरं तर तेवढंच चालतं. प्रत्येक टॅब जवळजवळ स्वतंत्र प्रोग्रॅमसारखा असतो. एका साइटने दुसरीची माहिती चोरू नये म्हणून २०१८पासून क्रोम निरनिराळ्या साइट एकमेकींपासून अलग प्रोसेसमध्ये ठेवतो. सुरक्षेला हे फार चांगलं, रॅमला जड. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. कुठला टॅब, कुठलं एक्स्टेन्शन किती खातंय ते नावानिशी दिसतं. एक्स्टेन्शनांनीच मला जास्त वेळा चकवलंय. कधीतरी पीडीएफ बदलायला टाकलेलं, कूपन शोधायला टाकलेलं, कुणी टाकलं ते आठवतही नाही असं. जे ओळखीचं नाही ते काढा. सेटिंगमध्ये ‘मेमरी सेव्हर’ आहे, ते चालू करा. एजमध्ये त्यालाच ‘स्लीपिंग टॅब्ज’ म्हणतात. बघत नसलेले टॅब झोपतात, क्लिक केलं की उठतात.

व्हिडिओ अडखळत असेल आणि त्या वेळी सीपीयू ९०-१०० टक्के असेल तर इंटरनेटला दोष देऊ नका. आजकालचे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने दाबलेले असतात. जुन्या ग्राफिक्स चिपला ते उलगडता येत नाहीत, मग ते काम प्रोसेसर अंगावर घेतो आणि धापा टाकतो. दर्जा १०८०वरून ७२०वर किंवा ४८०वर आणा. फुकटचा उपाय आहे आणि छोट्या पडद्यावर फरक फारसा जाणवतही नाही.

कुणी काहीच करत नसताना सीपीयू सतत चढलेला असेल तर दोन शक्यता. एक, अपडेट चालू आहे. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ असं नाव वर दिसेल, त्याला रात्रभर मशीन चालू ठेवून काम संपवू द्या. रोज मध्येच बंद केलंत तर तो रोज पुन्हा सुरू करणार. दुसरी शक्यता, कुणीतरी चोरून घुसलंय. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर टाकलेली असतील तर ही शक्यता आधी धरा. काही चोर इतके हुशार असतात की टास्क मॅनेजर उघडताच गप्प बसतात: उघडला की पंखा शांत, मिटला की पुन्हा घरघर. विंडोज सिक्युरिटीत ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. तो मशीन रीस्टार्ट करून, विंडोज उठायच्या आत तपासणी करतो. पंधरा-वीस मिनिटं द्या.

लॅपटॉपच्या बाबतीत एक जादा संशयित असतो, उष्णता. तुमच्या मुलीचा लॅपटॉप पहिली दहा मिनिटं छान आणि नंतर ढेपाळतो असं असेल तर फॉरमॅटच्या वाटेला जाऊच नका. ‘सीपीयू’च्या पानावर ‘बेस स्पीड’ आणि शेजारी चालू वेग दिसतो. बेस २.४ गिगाहर्ट्झ आहे, काम भरपूर चाललंय, आणि वेग १च्या आसपास रेंगाळतोय, म्हणजे प्रोसेसर तापून स्वतःला आवरून घेतोय.

अंथरुणावर, उशीवर ठेवून वापरलेल्या लॅपटॉपचं खालचं झाकण उघडलं की काय दिसतं सांगतो. पंखा वरून स्वच्छ दिसतो, म्हणून लोक फुंकर मारून झाकण लावतात. पण पंखा जिथे हवा सोडतो तिथे तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी असते. पंखा आणि ती जाळी यांच्या मध्ये तंतू आणि धूळ जमून नमद्यासारखा राखाडी थर तयार होतो. चिमट्याने धरला तर अख्खी पट्टी निघते. ती निघाल्याशिवाय हवा बाहेर पडत नाही. हे करताना लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी सुटी करता येत असेल तर सुटी. हवा मारताना पंखा बोटाने अडवून धरायचा, नाहीतर तो भरमसाट वेगाने फिरून खराब होऊ शकतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते. पाच-सात वर्षांत प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही वाळलेली असते. तिला मात्र सरावलेला हात हवा, पहिला प्रयोग स्वतःच्या चालू लॅपटॉपवर करू नये.

आणि वेग ०.८च्या आसपास अगदी खिळून बसला असेल, गरम नसतानाही, तर चार्जर बघा. एका लॅपटॉपवर मी अर्धा दिवस घालवला, ड्रायव्हर झाले, बायॉस (मदरबोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) झालं. शेवटी कळलं की मूळ चार्जर हरवल्यावर कमी वॅटचा, दुसऱ्याच लॅपटॉपचा लावला होता. पुरेशी वीज मिळणार नाही हे ओळखून लॅपटॉपने स्वतःला बांधून घेतलं होतं. योग्य चार्जर लावला आणि दोन सेकंदांत वेग वर. तेव्हापासून ‘चार्जर ओरिजिनल आहे का’ हा माझा पहिला प्रश्न असतो.

ज्यात वेळ घालवू नये ते पटकन सांगतो. प्रीफेच फोल्डर पुसू नका, तो सुरू होणं लवकर व्हावं म्हणूनच आहे. रजिस्ट्री (विंडोजची सेटिंगांची नोंदवही) साफ करून वेग वाढत नाही, उलट चुकीची नोंद गेली तर प्रोग्रॅम मोडतात. एसएसडीवर डीफ्रॅग नको. विंडोजचं स्वतःचं ‘ऑप्टिमाइझ’ एसएसडी ओळखून वेगळंच, निरुपद्रवी काम करतं, त्याला त्याच्या वेळेवर चालू द्या. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या वाढवायचा सल्ला अजूनही फिरतोय. तो खूण करायचा चौकोन संख्या कमी करण्यासाठी आहे, एरवी विंडोज सगळे कोअर वापरतंच. खिडक्यांची सावली-बिवली बंद केलीत तर हरकत नाही, पण फार आशा ठेवू नका.

टेम्प फाइलींचं म्हणाल तर त्या पुसणं चुकीचं नाही, पण रोज पुसण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर. पंधरा टक्के तरी मोकळा ठेवा. एसएसडीला तर याची जास्तच गरज, कारण तिला नवीन लिहिण्यापूर्वी जुन्या जागेचे मोठे तुकडे एकदम पुसावे लागतात आणि मोकळी जागा नसली की हलवाहलव वाढते. सेटिंगमधलं ‘स्टोरेज सेन्स’ चालू करून ठेवलं की ते स्वतःच बघतं.

आता एसएसडी प्रत्यक्ष बसवायची. तुमच्या डेस्कटॉपला अडीच इंची साटा एसएसडी निमूट बसेल, हार्ड डिस्कचीच डेटा केबल आणि पॉवरची पिन चालते. एम.२ची लांबट पट्टी घ्यायची असेल तर सांभाळा: दिसायला सारख्या असल्या तरी काही साटा असतात, काही एनव्हीएमई (नवी, जास्त वेगवान जोडणी), आणि बोर्डावरचा स्लॉट दोन्ही घेईलच असं नाही. बोर्डाचं मॅन्युअल बघा. एनव्हीएमई कागदावर साटाच्या सहापट वेगवान असते, पण हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला दोन्हींत जाणवण्याजोगा फरक घरच्या कामात पडत नाही. खरी उडी पहिलीच.

सुरुवात बॅकअपने. मुलीच्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्या. आत हात घातल्यावर मशीन ती मागू शकतं, आणि ती नसेल तर आतलं कुणालाच उघडत नाही, मलाही नाही. जुनी डिस्क ठणठणीत असेल तर क्लोन करता येतं, सगळं जसंच्या तसं येतं. सात वर्षांचा पसाराही येतो म्हणा. मी अशा वेळी कोरं विंडोज टाकतो. आठ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल पुरे. विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे फक्त डिस्क बदलल्याने तो जात नाही. इन्स्टॉल करताना की मागितली तर ‘माझ्याकडे की नाही’ म्हणून पुढे जा. एक छोटीशी युक्ती: इन्स्टॉल करताना जुनी हार्ड डिस्क केबलसकट सोडवून ठेवा. नाहीतर सुरू होण्याची माहिती कधीकधी जुन्या डिस्कवरच लिहिली जाते, आणि सहा महिन्यांनी ती डिस्क काढली की नवीही उठत नाही.

झाल्यावर पहिले एक-दोन दिवस पुन्हा थोडं जड वाटेल. अपडेट उतरत असतात, सर्चची यादी बनत असते. एक रात्र चालू ठेवा आणि मगच मत बनवा.

कुठलं विंडोज टाकायचं, हा प्रश्न आता टाळता येत नाही. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. नावात पिढी दिसते: आय५-८४०० म्हणजे आठवी, आय५-७४०० म्हणजे सातवी. सात वर्षांचं मशीन नेमकं या सीमेवर येतं, तेव्हा नाव नीट वाचा. टीपीएम बऱ्याचदा असतं, पण बायॉसमध्ये बंद असतं. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवलं की दोन्ही कळतं. बसत नसेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघा, डिस्कला हात न लावता चालतं. ब्राउझर, मेल, लिखाण एवढंच काम असेल तर पुष्कळांचं त्यात भागतं. एखादं विंडोजचंच सॉफ्टवेअर अडत असेल तर नाही भागत.

कुठे थांबायचं? दोन किंवा चार जीबी सोल्डर केलेली रॅम आणि ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी (बोर्डालाच जोडलेली साठवण) असलेले स्वस्त लॅपटॉप असतात. त्यांत ना रॅम बदलता येते ना ती साठवण. मुलीचा लॅपटॉप त्यातला निघाला तर त्याच्यावर काही खर्च करू नका, तो पैसा नवीन घेण्याकडे वळवा. तुमचा डेस्कटॉप मात्र एसएसडी आणि आणखी चार जीबीवर चांगली चार वर्षं काढेल.

काढलेली हार्ड डिस्क लगेच पुसू नका. महिनाभर तशीच ठेवा, कारण काहीतरी राहून गेल्याचं नेहमी तिसऱ्या आठवड्यात आठवतं. मग, ०५, सी-५ आणि सी-६ या तिन्ही ओळींत शून्य असेल तरच, तिला यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला लावा.